आधणाची पळी

यंदाच्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि रवी धरवत नाही. पाळणाघरातलं वरण आता माझ्या हाताखालची मुलगी घोटते. हात इतकी वर्षं जे न बोलता करत होता, ते तोंडाने सांगायची वेळ आली. सांगायला बसले तर सारखी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते, ती म्हणजे दाटपणा.

मोठ्यांचं वरण पातळ झालं तर ते भुरकतात, घट्ट झालं तर वरून पाणी घेतात. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं तसं नाही. त्याचं पोट एवढंसं, पाण्यानेच भरलं की जेवण संपलं. म्हणून तान्ह्यांना वरणाचं नुसतं निवळ पाणी पाजण्याची रीत मला सहन होत नाही. १०० ग्रॅम तूरडाळीत २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, पण त्यांतली बहुतेक खालच्या गाळात राहतात आणि बाळाच्या वाटीत पिवळं पाणी येतं. बाळाचं अन्न चमच्यावरून ओघळू नये इतकं दाट हवं. मात्र त्याहून घट्ट झालं की ते टाळूला चिकटतं, मूल जिभेने बाहेर ढकलतं आणि पुढचा घास दिसताच मान फिरवतं.

खरा पेच पुढे आहे. वरण निवताना आळतं. पातेल्यात उकळताना नेमकं वाटलेलं वरण मुलांच्या ताटलीत कोमट होईतो पिठल्यासारखं होऊन बसतं. म्हणून ते चुलीवरून थोडं सैलच उतरवायचं. पण सैल केलं की फुटण्याची भीती, वर पाणी आणि खाली चोथा. सैल असूनही एकजीव राहणारं वरण, एवढंच मला आयुष्यभर हवं होतं.

ते डाळीवर आणि पाण्यावर ठरतं. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. तिची नवी डाळ चटकन विरघळते. तीच डाळ एक पावसाळा काढून आली की हट्ट धरते. उन्हाळ्यात पुण्यात टँकर सुरू झाले की आणखी पंचाईत. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीला मऊ होऊ देत नाही. कितीही शिट्ट्या काढा, दाणा मोडतो पण विरघळत नाही. चिमूटभर सोडा घातला तर डाळ शिजते, पण ब१ जीवनसत्त्व जातं. मुलांच्या जेवणात मी सोडा घालू देत नाही. डाळ आधी भिजवायची आणि पिण्याच्या पाण्यात शिजवायची, मग पाणी कितीही महाग पडो.

मुलीने एकदा ब्लेंडर फिरवला. वरण क्षणात गुळगुळीत झालं, वर फेस आला. तिला ते छान वाटलं. मी तिला बोटाच्या चिमटीत घेऊन बघायला सांगितलं. कण म्हणून लागला नाही. वर्षाच्या पुढच्या मुलाच्या हिरड्यांना काहीतरी लागलंच पाहिजे, चावायला ते तिथेच शिकतं. रवीखाली दाणा चिरडतो आणि थोडा उरतोही. हल्ली नुसतं गरम पाणी ओतून तयार होणारी पाकिटं निघाली आहेत. त्यांतही सगळं पीठच. त्यांवर वाढलेलं मूल आमच्याकडे आलं की शेवग्याच्या गरालाही ओकारी काढतं. याला मी सोय म्हणणार नाही.

घोटायचं ते शिजलेली डाळ घट्ट असतानाच. मग आधणाचं पाणी, एकेक पळी, प्रत्येक पळीनंतर रवी. गार पाण्याचा एक पेला पडला की सगळी मेहनत वाया. वर्षाच्या आतल्यांची वाटी मीठ घालण्याआधी बाजूला काढायची. उकळीचे बुडबुडे आधी भरभर फुटतात, मग जड होऊन सावकाश फुटू लागतात. त्यांचा आवाज बदलायच्या जरा आधी गॅस बंद करायचा. हे ‘जरा आधी’ तिला कसं दाखवावं, हे मला अजून सुचलेलं नाही. ती विचारते, किती आधी? मी म्हणते, ऐक.

घरी तोंड न उघडणारं मूल तुमच्याकडे ताटली पुसून खातं, असं एखादी आई दारात सांगायची, तेव्हा तिच्या आवाजातली काळजी मला नंतर ऐकू यायची, माझं कौतुक आधी. कृती विचारणाऱ्या बायकांना मी डाळ सांगितली, हिंग सांगितला, तूप सांगितलं. आधणाचं मात्र सांगितलं नाही. ही एक गोष्ट माझ्यापाशीच राहावी असं वाटायचं.

मुलीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तिच्या वरणात कण जरा जास्त राहतात आणि अडीच वर्षांची मुलं ते मागून घेतात. मला ते बघवत नाही आणि बरंही वाटतं. घोटणं आता तिचंच. आधणाची पळी मात्र मी अजून सोडलेली नाही. अंगठा ती धरू देतो तोवर सोडणारही नाही.