कूलरच्या खोलीतलं शून्य

माझ्या प्लास्टिकच्या फिल्मने मामांच्या गोठ्यातला अमोनिया मोजलाच नव्हता. तिने मोजली ती मे महिन्यातली कोरडी हवा, आणि तिला मी अमोनिया म्हणालो. हे लक्षात आल्यावरही काही आठवडे गप्प बसलो, म्हणून आता सगळं लिहून काढतो आहे.

पॉलिअ‍ॅनिलीन हे वीज वाहणारं प्लास्टिक. बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये अ‍ॅनिलीनचं आम्लातलं द्रावण घ्यायचं आणि त्यात अमोनियम परसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. द्रावण आधी निळं होतं, मग गडद हिरवं. ही हिरवी भुकटी वीज वाहते ती आम्लाने दिलेल्या प्रोटॉनांच्या जोरावर. अमोनिया हे प्रोटॉन काढून घेतो आणि रोध वाढतो. मोकळी हवा मिळाली की तो बराचसा खाली येतो. नुसत्या भुकटीची फिल्म ठिसूळ होते, म्हणून तिच्यात पीएमएमए, म्हणजे अ‍ॅक्रेलिक, मिसळायचं.

मिसळतानाच पहिली गफलत झाली. ही भुकटी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही हे वाचलेलं होतं, तरी नुसती ढवळून पेट्री डिशमध्ये ओतली. क्लोरोफॉर्म उडून गेल्यावर फिल्म सुटली ती खालून हिरवीगार, वरून जवळजवळ पारदर्शक. भुकटीचा गाळ बसला होता. पद्धत बदलायची सोडून मी भुकटीचं प्रमाण वाढवलं, तेव्हा कुठे मल्टिमीटरवर आकडा दिसला. त्या आकड्यावरच मी खूश झालो.

भंडाऱ्यात मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही. आमच्या प्रयोगशाळेतही तो दिवसभर चालायचा, आणि माझं टेबल अगदी त्याच्या झोतात. फिल्मवर सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके, त्यांतून निघालेल्या तांब्याच्या तारा, तारांना मल्टिमीटर. तिथे बसून मी जो रोध टिपला, तेच माझं शून्य. मग लाखनीजवळ मामांच्या गावी गेलो. कडक उन्हाचा नवतपा चालू होता. भरदुपारी गोठ्याच्या टिनाच्या छपराखाली फिल्म धरली तर रोध झरझर वाढला. बाटलीतल्या अमोनियावर बेतलेल्या आलेखाशी ताडून पाहिलं, तर आकडा 25 पीपीएमच्या बराच वर निघाला. आठ तास काम करायचं असेल तर हवेत याहून जास्त अमोनिया नसावा, असं मानतात. मी मामांना सांगितलं, हवा खेळती करा. त्यांनी पश्चिमेच्या तट्ट्या काढून टाकल्या. गोठ्यात ऊन लागू लागलं, गरम वारा थेट आत शिरू लागला, गाई धापा टाकू लागल्या आणि दूध आटलं.

गोठ्यातल्या आकड्यांचा आलेख मी एका चर्चासत्रात दाखवला. कौतुक झालं.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला, कोंदटलं म्हणून खिडक्या उघडल्या. फिल्म टेबलावर, मल्टिमीटर सेलवर चालू, अमोनियाची बाटली कपाटात बंद. आणि आकडा वर सरकू लागला, गोठ्यात सरकला होता तसाच. वीज आली, खिडक्या लावून कूलर सुरू केला, आकडा हळूहळू खाली आला. पॉलिअ‍ॅनिलीन ओलावा धरून असतं तेव्हा वीज चांगली वाहतं. सुकलं की रोध वाढतो. कूलरच्या दमट झोतातून मी फिल्म कोरड्या उन्हात नेली होती. अमोनिया नसता तरी ती तेच बोलली असती.

वीज वाहणाऱ्या प्लास्टिकवर काम करणाऱ्या शिराकावांची गोष्ट मी ज्युनिअर मुलांना नेहमी सांगायचो. 1967 मध्ये टोकियोत त्यांच्या सहकाऱ्याच्या हातून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि भुकटीऐवजी पॉलिअ‍ॅसिटिलीनची चकचकीत फिल्म मिळाली. 1977 मध्ये हीगर आणि मॅकडायरमिड यांच्यासोबत तिला आयोडीन देऊन विजेची वाट मोकळी केली. 2000 मध्ये तिघांना नोबेल. चुकीतून नशीब उघडतं, एवढाच अर्थ मी घेत होतो. त्या लोकांनी नेमकं काय वेगळं पडलं ते खोदून काढलं होतं, हे मी सांगताना गाळायचो. माझ्या आलेखातला चढ मला हवा तसाच होता, म्हणून मी त्याला कारण विचारलं नाही.

मार्गदर्शक सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. गोठ्याचे सगळे आकडे प्रबंधातून काढायला लावले आणि चर्चासत्राच्या आयोजकांना दुरुस्तीचं पत्र माझ्याच हाताने लिहून घेतलं. मामांकडे जायला मात्र पाय उचलत नव्हते. ते सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "अरे, तुले वास आला होता का त्या दिवशी?" आला नव्हता. डोळे चुरचुरले नव्हते. एवढा अमोनिया असता तर ते निदान माझ्या नाकाला तरी कळलं असतं. तट्ट्या आम्ही दोघांनी मिळून पुन्हा बांधल्या.

आता दोन बंद बरण्या ठेवल्या आहेत. एकीत साध्या मिठाचं संपृक्त द्रावण, त्यावरच्या हवेत आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास राहते. दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइड, तिथे 33. प्रत्येक फिल्म आधी या दोन्हींत ठेवून मोजतो, आणि अमोनियाची पाळी नंतर. जुन्या फिल्मचा रोध या दोन बरण्यांत जेवढा बदलतो, त्याहून कमी तो सौम्य अमोनियाने बदलतो. तेव्हा ती गोठ्याच्या कामाची नाही, हे प्रबंधात तसंच लिहिलं आहे. काओ, स्मिथ आणि हीगर यांनी 1992 मध्ये दाखवलेल्या वाटेने, कापरापासून मिळणारं सल्फोनिक आम्ल आणि मेटा-क्रेसॉल वापरून, नवीन मिश्रण केलं आहे. भुकटी अगदी थोडी लागली, फिल्म दोन्ही बाजूंनी सारखी हिरवी आली. ओलाव्यावर ती कशी वागते हे अजून मोजतो आहे.