विसराळूपणा, ताण आणि बंगळुरूचे उंदीर

कापूस विकून हिशेब लागायच्या दिवसांत मलकापूरच्या माझ्या दवाखान्यात एक तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, आजकाल काही ध्यानातच राहत नाही." कुणी बाजारात गाडी कुठे लावली ते विसरतो, कुणी पासबुक कुठल्या कपाटात ठेवलं ते. वय चाळीस-पन्नास. मनातली भीती एकच: म्हातारपणी होणारा विसरण्याचा आजार आत्ताच लागला की काय?

मी आधी झोपेबद्दल विचारतो, मग कर्जाबद्दल. पेशंट गोंधळतात. विसरण्याचा आणि कर्जाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो समजायला उंदरांची मोठी मदत झाली आहे.

आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. जागा आणि वाटा लक्षात ठेवण्याचं काम मुख्यतः त्याचं. उंदीर ठराविक जागी आला की या भागातली ठराविक पेशी जागी होते, हे जॉन ओकीफ यांनी दाखवलं. त्यांना 2014 चं नोबेल मिळालं.

ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. उंदरांत त्याचंच भावंड असलेलं कॉर्टिकोस्टेरॉन असतं. हे संप्रेरक किल्ली समजा. पेशीतले रिसेप्टर म्हणजे कुलपं. हिप्पोकॅम्पसमध्ये ती भरपूर असतात आणि दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात थोड्या किल्ल्या असल्या तरी लगेच बसतात. दुसऱ्या प्रकारात संप्रेरक खूप वाढलं तरच बसतात. ताण थोडा वेळ असेल तर याचा फायदा होतो, प्रसंग पक्का लक्षात राहतो. पण दुसरी कुलपं आठवडेच्या आठवडे भरलेली राहिली, की पेशींच्या फांद्या आखडू लागतात.

याची परीक्षा कशी घेतात? एका गोल हौदात गढूळ केलेलं पाणी भरतात. पाण्याखाली, दिसणार नाही असा, एक छोटा ओटा असतो. उंदीर पोहत पोहत ओटा शोधतो आणि भिंतीवरच्या खुणांवरून त्याची जागा लक्षात ठेवतो. दीर्घ ताण दिलेले उंदीर अशा परीक्षांत अनेकदा मागे पडतात.

आपल्या देशातही यावर मोलाचं काम झालं आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हलता येणार नाही असं ठेवलं. 2002 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, पण भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालामध्ये त्या उलट वाढल्या. पुढे उंदरांना 21 दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डालातली वाढ मात्र तशीच राहिली आणि उंदीर घाबरटच राहिले.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरं. पण हे वाचल्यावर मला दवाखान्यातले अनेक चेहरे आठवले. कर्ज फिटलं, सातबारा मोकळा झाला, तरी रात्री छातीत धडधड होते. घरचे म्हणतात, "आता कशाची काळजी?" ही कमजोरी नाही आणि नाटक तर नाहीच. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये केंद्राने पॅकेज दिलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आपला बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात ही धास्ती हसण्यावारी नेऊ नका.

मग काय करायचं? विसरणं वाढलं तर आधी साखर, थायरॉईड, बी-12 आणि बीपी तपासून घ्या. सांधेदुखीसाठी कुणाकडून पुड्या घेत असाल तर त्या दाखवा. त्यांत स्टेरॉइड असेल तर तेही याच कुलपांत बसतं. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, दारू तर नकोच. रोज अर्धा तास चाला. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, अचानक बरळणं, बोलताना जीभ अडखळणं, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तपासण्या ठीक आल्या आणि धास्ती कायम असली, तर तिच्यावर वेगळे उपचार आहेत. टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका, आजच बोला. आणि दवाखान्यात येताना घरचं एक माणूस सोबत आणा. आपण काय विसरतो, हे घरच्यांना जास्त नेमकं सांगता येतं.