सुई टोचून घेण्याआधी

आमच्या वडीगोद्री भागात ताप असो, कणकण असो की कंबरदुखी, दवाखान्यात गेलेला माणूस आधी म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एक सुई द्या." नुसत्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर कच्चा ठरतो. ऊसतोडीहून परतलेली आमची माणसे अंग मोडून आले की सलाईन लावून घेतात आणि त्यापायी दोन-दोन दिवसांची मजुरी घालवतात.

मी पेशाने कारकून, म्हणून हिशेबच मांडतो. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. बाकी पाणी! ज्याच्या पोटात पाणीही ठरत नाही, त्याचा जीव सलाईन वाचवते. पण जो आपल्या पायांनी दवाखान्यात आला, त्याला एवढी साखर घरच्या सरबतातही मिळते.

म्हणून सुई वाईट, असे मुळीच नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. लस वेळेवर मिळणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण सुईवरच्या आंधळ्या विश्वासाने घातही केला आहे. १८५३ साली एडिंबरोच्या डॉ. वूड यांनी सुईने अफूचे औषध देऊन वेदना थांबवल्या. सुईने घेतल्यास व्यसन लागत नाही, असा तेव्हा समज होता. तो खोटा ठरला. आज नशेसाठी एकच सुई वापरणाऱ्यांत एड्सचे विषाणू पसरतात. दवाखानेही यातून सुटले नाहीत. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि 'ब' काविळीने अनेकांचे बळी घेतले.

एकदा एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी ट्रेमधली उघडी सुई उचलली. समोर तापाने फणफणलेले लेकरू. मी म्हणालो, "साहेब, नवे पाकीट फोडा." ते रागावले, पण पाकीट फोडले. बाहेर आल्यावर लेकराची आई म्हणाली, "भाऊ, असं इचारता येतं व्हय?"

विचारता येते, माय! औषध कशाचे आहे? गोळीने भागेल का? सुई नवी आहे का? हे तीन प्रश्न घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या. आणि बाळाच्या लसीची तारीख मात्र एकही चुकवू नका.