मुख्य पीक

बोरिवलीच्या शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी मला विचारलं होतं, ‘‘रत्नागिरी जिल्ह्याचं मुख्य पीक कोणतं?’’ मी म्हणालो, ‘‘मनीऑर्डर.’’ छडी बसली. पुढे बी.कॉम. झाल्यावर कळलं, अर्थशास्त्राप्रमाणे माझं उत्तर बरोबर होतं. छडी तेवढी फुकट गेली.

बाबा परळला गिरणीत होते. राहायला गावकऱ्यांचा गाळा. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्या वळकट्यांवर आडवी व्हायची. पगार झाला की बाबा मनीऑर्डरचा फॉर्म भरत आणि खालच्या चिठोऱ्यावर लिहीत, ‘पैसे पाठवले आहेत. म्हैस कशी आहे?’ आईची चौकशी नसे. जागा पुरत नव्हती, हा बाबांचा खुलासा आईने शेवटपर्यंत मान्य केला नाही.

त्या पैशांतून तांदूळ आले, कौलं आली, देवळाला सभामंडप झाला. गावात हाताला काम मात्र उभं राहिलं नाही. त्यामुळे थोरल्यामागोमाग धाकटाही मुंबईच्या एस.टी.त बसला. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका भरल्या आणि एकूण लोकसंख्या २००१पेक्षा ऐंशी हजारांहून अधिक घटली.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप झाला. बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच. ते बोरिवलीत एका सोसायटीचे वॉचमन झाले आणि आई मला कडेवर घेऊन इथे आली.

हे सगळं ठाऊक असूनही परवा डबा खाताना मी म्हणून गेलो, ‘‘हे बाहेरचे लोक इथे येतात तरी कशाला?’’ तेवढ्यात आमच्या शाखेचा वॉचमन स्लिप भरून घ्यायला आला. तो जौनपूरचा. हातात मोबाइल आहे, पण पैशाच्या बाबतीत त्याचा विश्वास रबरी शिक्क्यावर. मी विचारलं, ‘‘किसलिए भेजना है?’’

‘‘घरखर्च. और भैंस बीमार है.’’

माझं पेन थांबलं. चपातीचा घासही थांबला.

‘‘साहेब, आपके गाँव में कौन है?’’

काय सांगणार? गावच्या घराची घरपट्टी आणि विजेचं बिल मी इथून भरतो. बाबा माणसांना पैसे पाठवत, मी भिंतींना पाठवतो.

‘‘ताला है,’’ मी म्हणालो.

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. ‘‘हमारे यहाँ अभी माँ है,’’ म्हणाला.

मी शिक्का जरा जोरातच मारला.