ज्योत आणायला निघालेल्या मंडळांसाठी आणि त्या रात्री गाडी चालवणाऱ्यांसाठी

सर्वपित्रीला दुपारपासून आपल्याकडची मंडळं टेम्पो घेऊन तुळजापूरला निघतील. तिथे ज्योत पेटवायची आणि रात्रभर पळत आणून घटस्थापनेला मंडपात पोचवायची. पोरं आळीपाळीने पळतात, बरीचशी अनवाणी. त्यांच्या श्रद्धेबद्दल आदरच आहे. पण इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत एक ओळ बोटांना पाठ झालीय : ज्योत घेऊन येणाऱ्या तरुणांना भरधाव वाहनाची धडक.

'भरधाव' लिहिलं की विषय संपतो. पण मध्ये एकदा रात्री मोटारसायकलवरून येताना समोर लांबवर ज्योत दिसली. वाटलं, एकटाच पळतोय. जवळ गेल्यावर कळलं, मागे पंधरा-वीस जण आहेत, सगळे मंडळाच्या काळ्या टी-शर्टात. उजेड फक्त ज्योत धरणाऱ्याच्या तोंडावर.

आणि ती रात्र अमावास्येची. कोजागिरीला लाखो लोक चालत तुळजापूरला जातात तेव्हा वर पूर्ण चंद्र असतो, शिवाय सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद करतात. ज्योतीच्या रात्री चंद्र नाही आणि ट्रकही थांबत नाहीत. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर संपतात. लाइट डिपरवर असेल तर काळे कपडे दिसतात तेच जेमतेम तेवढ्यावरून.

सणाच्या रात्री हे दुसरीकडेही होतं. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, पोरं भुतांचे कपडे घालून दारोदार खाऊ मागतात. कॅनडातल्या संशोधकांनी तिथल्या १९७५ ते २०१६ च्या नोंदी तपासल्या. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या संध्याकाळपेक्षा त्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, चार ते आठ वर्षांच्या मुलांना दहापट. म्हणून तिथे सांगतात, पोरांच्या कपड्यांवर चमकणारी पट्टी लावा.

तीच पट्टी आपल्याकडे कुठल्याही रेडियमवाल्याकडे मिळते. डीजेच्या भाड्यातले थोडे पैसे वळवले तरी अख्ख्या मंडळाच्या पाठी-पोटावर लागेल. टेम्पो पोरांच्या मागे ठेवा, चारही इंडिकेटर चालू. मात्र ड्रायव्हर दोन न्या. पहाटे चारला पहिल्या गिअरमध्ये कुणालाही पेंग येते, आणि पुढे आपलीच पोरं असतात. डीजे हायवेवर बंदच ठेवा, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. (गावात वाजवायचा की नाही, ते भांडण नंतर.)

गाडीवाल्यांनो, लांब ज्योत दिसली तर एक माणूस समजू नका, मागे वीस आहेत असं धरा. थांबलेल्या टेम्पोला ओव्हरटेक करताना पलीकडून कुणीतरी आडवं येणारच आहे.

मंडळांनी आपला मार्ग आणि निघायची वेळ पोलिस ठाण्यात कळवा, मलाही पाठवा. एसटीचे चालक, ट्रकवाले, दुधाच्या टेम्पोवाले यातले बरेच जण माझं लिखाण वाचतात. त्यांच्यापर्यंत सर्वपित्रीच्या दुपारी यादी पोचवतो.