परभणीची ओळख : मापात पाप नको

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर अभिमानाने सांगतात आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरी हसून ऐकून घेतात. या दोन म्हणींपलीकडे जिल्ह्याची ओळख बाहेरच्या माणसास सहसा नसते. औंढा नागनाथ व परळी वैजनाथ या दोन ज्योतिर्लिंगांच्या मध्ये परभणी आहे. पण १ मे १९९९ रोजी औंढा नव्या हिंगोली जिल्ह्यात गेले आणि परळी तर बीडचीच. नांदेडच्या गुरुद्वारास जाणारा यात्रेकरूही येथील स्थानकावर चहा घेऊन पुढे जातो. वाट आपल्या दारावरून, मुक्काम दुसऱ्याच्या घरी, अशी ही स्थिती आहे. तिचा तोटा धर्मशाळेपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांस होतो.

अलीकडे प्रत्येक शहर आपली जाहिरात करू लागले आहे. पत्रके निघतात, भ्रमणध्वनीवर चित्रफिती फिरतात. परभणीनेही ते करावे. प्रश्न एवढाच की, लिहावे काय?

याचे उत्तर जिल्ह्यातच आहे. १८ मे १९७२ रोजी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याने दिलेले ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण हळद्या रोगास दाद देत नव्हते, म्हणून गाजले. पुढे लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आली. ज्यांनी परभणी कधी पाहिली नाही, त्यांच्या तोंडीही हे नाव बसले, कारण बियाण्याच्या पिशवीवर जे लिहिले ते शेतात उतरले. जाहिरातीची याहून मोठी कसोटी नाही.

उलट अनुभव पाथरीचा. साईबाबांचा जन्म पाथरीचा, अशी तेथील श्रद्धा आहे. जानेवारी २०२० मध्ये जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि १९ जानेवारीस शिर्डीकरांनी गाव बंद ठेवले. श्रद्धेला श्रद्धा म्हणून मांडले तर ती कोणास दुखवत नाही. तिलाच दाखल्याचे रूप दिले की वाद उभा राहतो. बँकेत कर्जाचे प्रस्ताव वाचताना हेच दिसे. स्वतःची उणी बाजूही स्पष्ट लिहिणाऱ्या व्यापाऱ्यावर अधिक विश्वास बसे.

आता आपल्या समाजास जवळची स्थळे पाहू. परभणीहून सुमारे बेचाळीस किलोमीटरवर जिंतूर आणि तेथून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी. डोंगरातील गुहांची दारे इतकी लहान आहेत की वाकूनच आत जावे लागते; आत मात्र भव्य प्रतिमा. नेमिनाथांची पद्मासनस्थ मूर्ती आणि लहानशा दगडी आधारावर विराजमान अंतरिक्ष पार्श्वनाथ पाहून यात्रेकरू स्तब्ध होतो. वाशिम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ सर्वांस ठाऊक असतात. जिंतूरचे पुष्कळांस नसतात. येथे ‘अद्भुत’, ‘अद्वितीय’ अशा विशेषणांची गरज नाही. दार किती लहान व मूर्ती किती मोठी, एवढे सांगितले तरी पुरे. जिंतूर तालुक्यातच चारठाण्याची प्राचीन मंदिरे व पूर्णा नदीवरील येलदरी धरण आहे. मिरखेल स्थानकाजवळ नवागढचे नेमिनाथ क्षेत्र आहे.

सेलू तालुक्यातील वालूरची बारव तर नव्या ओळखीचा नमुनाच. तिच्या पायऱ्या चक्राकार वळण घेत पाण्याकडे उतरतात. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती गाळ-कचऱ्यातून मोकळी केली. मग छायाचित्रे दूरवर पोहोचली. आधी स्वच्छता, नंतर प्रसिद्धी हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गोदाकाठी संत जनाबाईंचे गंगाखेड आहे आणि त्याच तालुक्यात धारासूरचे शिल्पसमृद्ध गुप्तेश्वर मंदिर.

पत्रकात उणी बाजूही असावी. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य होते; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, मात्र थंडी कडक पडते. सर्व स्थळांस थेट बस मिळेलच असे नाही. कुटुंबासह जाताना स्वतंत्र वाहन बरे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी क्षेत्रावर आधी कळवावे. प्रवाशास विशेषणांपेक्षा अशा चार ओळी अधिक उपयोगी पडतात, आणि ज्याची सोय झाली तो दहा जणांस सांगतो.

सेलू, मानवत, जिंतूर, परभणी येथील आपल्या व्यापारी कुटुंबांचा शब्द बाजारात चालतो. पाहुणे आले की त्यांना एक दिवस नेमगिरी, एक दिवस वालूर दाखवावे, आणि मुलांकडून जसे दिसले तसे चार ओळींत लिहवून घ्यावे. मालाच्या वजनात आपण जो काटेकोरपणा पाळतो, तोच गावाच्या वर्णनात पाळला, तर परभणी स्थानकावर चहापुरता थांबणारा प्रवासी एक दिवस मुक्कामास उतरेल.