मानेभंजनच्या म्हाताऱ्या गाड्या

दार्जिलिंगपासून साधारण २६ किलोमीटरवर, नेपाळच्या हद्दीला अगदी खेटून, मानेभंजन नावाचे लहानसे गाव आहे. संदकफूची चढण इथूनच सुरू होते. अंतर अवघे ३१ किलोमीटर. पण माथा ३,६३६ मीटर, पश्चिम बंगालमधला सर्वांत उंच. या वाटेवर पर्यटक आणि वरच्या वस्त्यांचे सामान वाहायला १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर आजही धावतात. चहामळ्यांचे ब्रिटिश साहेब गेले, गाड्या मागे राहिल्या.

त्या टिकल्या कशा? नवी गाडी म्हणजे लाखांची बात आणि मूळचे सुटे भाग तर दुर्मीळच. तेव्हा मालकांनी आधी हात घातला तो इंजिनाला. पेट्रोल पिणारे जुने इंजिन उतरवून अनेकांनी महिंद्राचे डिझेल इंजिन बसवले. त्याचे सुटे भाग सिलीगुडीत मिळतात, दुरुस्ती गावातला मिस्त्रीही करतो. रोज कमावणारी गाडी आठवडाभर उभी ठेवणे कोणाला परवडणार? पत्रा मात्र जुनाच. तो अॅल्युमिनियमचा, धुक्या-पावसात लोखंडासारखा गंजत नाही, पोचा आला तर ठोकून सरळ करता येतो. दिव्यांचा थाट, रंगरंगोटी ही हौस शहरातल्या जीपवाल्यांनी करावी!

प्रवाशाची हाडे खिळखिळी होतात, हे खरेच. अलीकडे बोलेरोही याच वाटेवर आल्या आहेत. कांचनजंगा पाहायला निघालेल्याने चढताना जुनी गाडी घ्यावी. पाठदुखी असेल तर उतरताना बोलेरो पाहावी.